लॉगबुक आहे, मग धक्क्यावर माणूस कशाला?

प्रश्न मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा आहे. अमेरिकेत, मेक्सिकोच्या आखातातल्या चार्टर बोटींना प्रत्येक फेरीची नोंद ॲपवर करणं, म्हणजेच लॉगबुक भरणं, बंधनकारक केलं होतं, असं त्याच्या वाचनात आलं. मग आठवड्याच्या आठवड्याला कॅप्टनना फोन करणारी नमुना पाहणी आणि धक्क्यावर मोजपट्टी घेऊन उभी राहणारी माणसं तिथे कशासाठी ठेवली? सगळ्यांचीच नोंद मिळणार असेल तर थोड्यांना विचारायची गरज काय? जाता जाता त्याने हेही विचारलंय की मालवणला किंवा गोव्यात पर्यटकांना गळाच्या मासेमारीला नेणाऱ्या बोटींची अशी आकडेवारी जमवायची झाली तर सुरुवात कुठून करावी.

मी त्याच किनाऱ्यावर, फ्लोरिडाच्या पश्चिम पट्ट्यात आणि शेजारच्या अलाबामात, आधी धक्क्यावर मासे मोजण्याचं आणि पुढे त्या आकड्यांवरून एकूण पकडीचा अंदाज बांधण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, पण मुद्दा आधीच सांगून टाकतो. लॉगबुकमध्ये 'सगळ्यांची नोंद' असते हे नियमाच्या कागदावर खरं असतं, पाण्यावर नसतं. किती फेऱ्या नोंदीतून सुटल्या हे लॉगबुक स्वतः कधीच सांगू शकत नाही. ते सांगायला लॉगबुकशी काहीही संबंध नसलेलं दुसरं कोणीतरी लागतं.

आधी या बोटींबद्दल. चार्टर बोट म्हणजे कॅप्टनसकट भाड्याने घ्यायची बोट. बहुतेक कॅप्टनांचा परवाना पैसे देणारे सहा उतारू नेण्यापुरता असतो, म्हणून किनाऱ्यावर या बोटींना 'सिक्स-पॅक' म्हणतात. याहून मोठ्या, डोईमागे तिकीट घेणाऱ्या बोटी म्हणजे हेडबोटी. त्यांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत जुनी आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफर्टच्या प्रयोगशाळेने १९७२ मध्ये ती सुरू केली आणि १९८६ पासून आखातातल्या हेडबोटीही तिच्यात आल्या. हेडबोटी संख्येने थोड्या, ठरल्या धक्क्यावरून ठरल्या वेळी सुटणाऱ्या. त्यांच्याकडून नोंदवही भरून घेणं तुलनेने सोपं. चार्टर बोटींचं तसं नाही. आखातात संघीय परवाना असलेल्या बोटीच तेराशेच्या वर आहेत, शिवाय फक्त राज्याच्या हद्दीत फिरणाऱ्या वेगळ्या. कोणी मोठ्या बंदरात उभी असते, कोणी कॅप्टनच्या घरामागच्या खाजगी धक्क्याला बांधलेली, कोणी ट्रेलरवरून रोज बोट पाण्यात उतरवायच्या वेगळ्या रॅम्पला येणारी.

हा सगळा खटाटोप मुख्यतः रेड स्नॅपरसाठी चालतो. आपल्या तांबोशीच्याच कुळातला हा मासा, आणि आखातातल्या चार्टर व्यवसायाचा जीव त्याच्यात अडकलेला. २०१५ पासून हौशी मासेमारीला मिळणाऱ्या रेड स्नॅपरच्या कोट्यातला ४२.३ टक्के भाग चार्टर आणि हेडबोटींना आणि ५७.७ टक्के खाजगी बोटींना असा वेगळा काढला गेला. कोटा वेगळा झाला म्हणजे हिशोबही वेगळा द्यावा लागतो. २०१७ साली संघीय पाण्यात, म्हणजे राज्यांच्या हद्दीपलीकडच्या समुद्रात, चार्टर बोटींना ४९ दिवसांचा हंगाम मिळाला, खाजगी बोटींना सुरुवातीला फक्त ३ दिवस. मग आरडाओरड होऊन त्यांचे आणखी ३९ दिवस वाढवले गेले. चार्टरचा हंगाम १ जूनला उघडतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच तारखेला पावसाळी बंदी लागते आणि बोटी वर ओढल्या जातात. तिथे त्या दिवशी पहाटे चारला धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते.

हंगाम किती दिवसांचा, हे ठरतं कोटा भागिले रोजची पकड या साध्या गणितावर. रोजची पकड जास्त धरली गेली तर हंगाम आधीच बंद होतो आणि ऑगस्टचं बुकिंग घेतलेल्या कॅप्टनला लोकांचे पैसे परत करावे लागतात. कमी धरली गेली तर कोटा ओलांडला जातो आणि त्याची वसुली पुढच्या वर्षीच्या हंगामातून होते. म्हणून 'थोडंफार इकडे-तिकडे चालतं' असं या आकड्यांबद्दल म्हणता येत नाही. एकेका टक्क्यामागे कोणाच्या तरी बोटीच्या कर्जाचा हप्ता असतो.

आता जुनी, नमुन्यावर चालणारी पद्धत. तिचे दोन पाय आहेत. पहिला पाय म्हणजे श्रम, म्हणजे किती माणसांनी किती फेऱ्या केल्या. त्यासाठी चार्टर बोटींची यादी असते. दर आठवड्याला यादीतल्या साधारण दहा टक्के बोटी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडतात, त्यांना आधी पत्राने कळवतात आणि आठवडा संपल्यावर फोन करून सोमवार ते रविवार एकेका दिवसाची विचारणा करतात: फेरी होती का, किती होत्या, किती माणसं गळ टाकून होती, किती तास, किनाऱ्यापासून किती लांब. दुसरा पाय म्हणजे पकड. त्यासाठी सर्वेक्षक ठरवून दिलेल्या जागी, ठरवून दिलेल्या सहा तासांत उभा राहून परतणाऱ्या लोकांची मुलाखत घेतो आणि मासे मोजतो. फोनवरून मिळालेल्या एकूण माणूस-फेऱ्या गुणिले धक्क्यावरून मिळालेली दर माणूस-फेरीची पकड, म्हणजे एकूण पकड.

यातली एक दुरुस्ती फार महत्त्वाची आहे. यादी कधीच पूर्ण नसते. नवा कॅप्टन आला, बोट विकली गेली, कोणी परवाना असूनही यादीत नाही. धक्क्यावर भेटलेल्या चार्टर फेऱ्यांपैकी कितींच्या बोटी यादीत नव्हत्या हे सर्वेक्षकांच्या कागदांवरून निघतं. समजा दहात एक निघाली, तर फोनवरून आलेला आकडा दहा भागिले नऊने वाढवायचा. म्हणजे नमुना पाहणीतसुद्धा फोनची चूक धक्का दुरुस्त करतो. हे तत्त्व ध्यानात ठेवा, लॉगबुकच्या वेळी तेच परत येतं.

धक्क्यावरचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो, कारण कागदावरून त्याचा अंदाज येत नाही. फ्लोरिडातल्या डेस्टिनच्या बंदरात दुपारी बोटी एकामागून एक परततात. खलाशी बर्फाच्या पेटीतले मासे उचलून बोटीचं नाव रंगवलेल्या फळीवरच्या खिळ्यांना अडकवतो, पर्यटक त्यासमोर उभे राहून फोटो काढतात, आणि फोटो झाले की मासे थेट कापायच्या टेबलावर. फोटो आणि सुरी यांच्या मधली जी काही मिनिटं, तेवढीच सर्वेक्षकाची. त्यात जातीवार मासे मोजायचे, शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये घ्यायची, काट्यावर वजन करायचं, आणि खलाशाच्या वाटेत यायचं नाही. तो बक्षिशीवर जगतो आणि गिऱ्हाइकाला उशीर झालेला त्याला परवडत नाही. मासे कापून झाले तर सर्वेक्षकाला फक्त सांगितलेल्या आकड्यावर समाधान मानावं लागतं. म्हणूनच मुलाखतीच्या फॉर्मवर पकडीचे तीन वर्ग वेगळे असतात: 'ए' म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले मासे, 'बी-१' म्हणजे मारलेले पण पाहायला न मिळालेले, कापलेले किंवा आमिषाला वापरलेले, आणि 'बी-२' म्हणजे जिवंत सोडून दिलेले. या तिघांची विश्वासार्हता वेगवेगळी आहे आणि त्यांना एका रकान्यात ओतणं म्हणजे मेहनतीने मिळवलेली माहिती पाण्यात घालणं.

जातींच्या नावांचंही तसंच. फ्लोरिडाच्या या पट्ट्यात व्हर्मिलियन स्नॅपरला सगळे 'मिंगो' म्हणतात, दुसरीकडे तोच 'बीलाइनर' होतो, आणि 'व्हाइट स्नॅपर' म्हणून जो सांगतात तो बहुधा रेड पॉर्गी निघतो, म्हणजे स्नॅपरच नव्हे. फोनवर किंवा ॲपवर हे नावाचे गोंधळ तसेच आत जातात. धक्क्यावर मासा हातात असतो.

नमुना पाहणीचे दोष मी लपवणार नाही. नेहमी मिळणाऱ्या माशांसाठी ती ठीक चालते, क्वचित मिळणाऱ्यांसाठी नाही. एखाद्या ग्रूपरसारख्या माशाची दोन महिन्यांची सगळी आकडेवारी चार-पाच मुलाखतींवर उभी राहते, आणि त्यातली एक बोट योगायोगाने भरून आली की अंदाज दुप्पट होतो. कॅप्टन मंडळी यावर चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. शिवाय अंदाज दोन महिन्यांच्या टप्प्यांनी तयार होतात. जून-जुलैच्या हंगामात कोटा संपत आला का, याचं उत्तर हंगाम संपल्यावर मिळून उपयोग नाही. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या साऱ्या हौशी मासेमारीच्या पाहण्यांवर कडक अहवाल दिला, आणि चार्टर बोटींसाठी बंधनकारक नोंदींकडे वळण्याची चर्चा तेव्हापासून जोराने सुरू झाली. खुद्द कॅप्टनांच्या संघटनांमधूनच लॉगबुकची मागणी आली, हे बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसतं. 'आमचा आकडा आम्ही देतो, अंदाज नको' असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मला त्यात प्रामाणिकपणा दिसला.

लॉगबुक चांगलंच असतं. प्रत्येक फेरीची खोली, जागा, सोडलेल्या माशांची संख्या, किती तास तळाला गळ होता आणि किती तास ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढणं, चालू होतं, एवढा तपशील फोनवर कोणी देत नाही. पण त्याच्यात जी भोकं पडतात ती सगळीकडे सारखीच असतात.

सगळ्यात मोठं भोक शून्याचं. एखाद्या बोटीची बारा जुलैची नोंद नाही. याचा अर्थ ती बोट बांधलेली होती, की गेली आणि नोंद केली नाही? माहितीकोशात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून न गेलेल्या दिवसाचीही 'फेरी नाही' अशी नोंद मागावी लागते, किंवा निघण्यापूर्वी 'मी निघतोय' एवढं कळवायला लावावं लागतं. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. निघण्याची सूचना आली आणि परतल्याची नोंद आली नाही, तर काहीतरी राहिलंय हे त्याच संध्याकाळी दिसतं आणि फोन करता येतो. मिसिसिपी राज्याने रेड स्नॅपरसाठी हेच केलं: निघण्यापूर्वी फेरीचा क्रमांक घ्यायचा, आणि ती फेरी बंद केल्याशिवाय पुढचा क्रमांक मिळत नाही.

दुसरं भोक उशिराचं. आठवड्याभराच्या नोंदी रविवारी रात्री एकदम भरल्या की सोमवार आणि शनिवार यांचे आकडे एकमेकांसारखे दिसायला लागतात. सोडलेल्या माशांचे आकडे पाहिले तर पाच, दहा, वीस, तीस यांचीच गर्दी असते; सात किंवा तेवीस कोणी लिहीत नाही. ठेवलेल्या माशांना माणशी दोनची मर्यादा असल्यामुळे तो आकडा बराचसा नीट येतो, कारण सहा माणसं म्हणजे बारा मासे हे गणित कॅप्टनच्या डोक्यात पक्कं असतं. सोडलेल्यांना मर्यादा नाही, मोजायला कारण नाही, आणि त्या घाईत मोजायला वेळही नाही.

तिसरं भोक न नोंदवणाऱ्यांचं, आणि हे सगळ्यात फसवं आहे. नोंद न करणारे कॅप्टन नोंद करणाऱ्यांसारखेच असते तर प्रश्न सोपा होता. पण ते तसे असतात असं धरायला काही आधार नाही. दिवसाला दोन-दोन फेऱ्या करणारा, खलाशी कमी असलेला, सगळ्यात जास्त मासे आणणारा कॅप्टनच नोंदीला कंटाळतो असंही होतं.

यावर उपाय म्हणजे पकड-पुनर्पकड पद्धत, जी मूळची प्राणी मोजण्यासाठी आहे. लग्नातल्या आहेराच्या वहीवरून किती पाहुणे आले ते कळत नाही. पण पंगतीतल्या काही जणांची नावं विचारून ती वहीत शोधली, तर वहीत न आलेले किती असावेत याचा अंदाज येतो. इथेही तेच. समजा एका महिन्यात लॉगबुकमध्ये ९०० फेऱ्या आल्या. त्याच महिन्यात सर्वेक्षकांनी धक्क्यावर स्वतंत्रपणे १२० फेऱ्या पाहिल्या, आणि त्यांतल्या ९० लॉगबुकमध्ये सापडल्या. म्हणजे नोंदीचं प्रमाण तीन-चतुर्थांश. तर खऱ्या फेऱ्या ९०० भागिले ०.७५, म्हणजे १२००. लॉगबुक पाहून कोणालाही कळलं नसतं की तीनशे फेऱ्या गायब आहेत. शिवाय जुळलेल्या ९० फेऱ्यांमध्ये सर्वेक्षकाने मोजलेले मासे आणि कॅप्टनने लिहिलेले मासे शेजारी ठेवून आकड्यातली चूकही निघते.

या गणिताच्या दोन अटी आहेत आणि दोन्ही धक्क्यावर मोडतात. पहिली अट अशी की दोन्ही नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. कॅप्टनने सर्वेक्षकाला पाहिलं आणि मग खिशातला फोन काढून नोंद पाठवली, तर पाहिलेल्या फेऱ्या जास्त प्रमाणात जुळतात. वरच्या उदाहरणात ९० ऐवजी १०८ जुळल्या तर एकूण फेऱ्या १००० निघतात. दोनशे फेऱ्या नुसत्या सर्वेक्षकाच्या टोपीमुळे नाहीशा झाल्या. म्हणून 'मासे बोटीतून उतरवण्यापूर्वी नोंद पाठवा' हा नियम महत्त्वाचा. त्याच्याकडे लोक कागदी जाच म्हणून पाहतात, पण सगळं गणित त्याच्यावर टेकलेलं आहे. मी तर म्हणेन की नोंद बंदरात शिरण्याआधी पाठवलेली असावी आणि पाठवल्याची वेळ यंत्रानेच टिपावी, माणसाने भरू नये.

दुसरी अट जुळवणीची. एकाच नावाच्या दोन बोटी, एकाच बोटीच्या सकाळ-दुपारच्या दोन फेऱ्या, मध्यरात्रीनंतर परतलेली बोट, चुकीची तारीख: यातल्या कशानेही खरी जोडी हुकते आणि 'नोंद केली नाही' असं धरलं जातं. मग अंदाज विनाकारण फुगतो. आम्ही नावावर कधीच अवलंबून राहत नसू; बोटीच्या बाजूवरचा नोंदणी क्रमांक आणि परतल्याची वेळ या दोन गोष्टी हाताने लिहून घ्यायच्या. जुळवणीचे नियमही आकडे पाहण्यापूर्वी ठरवून ठेवायचे. आकडे समोर ठेवून नियम सैल केले की उत्तर आपल्याला हवं तिकडे झुकतं.

हे सगळं नुसतं पुस्तकातलं नाही. सप्टेंबर २०१० पासून वर्षभर फ्लोरिडाच्या पश्चिम पट्ट्यात आणि टेक्ससच्या कॉर्पस क्रिस्टी भागात चार्टर बोटींवर इलेक्ट्रॉनिक लॉगबुकचा प्रायोगिक प्रकल्प चालवला गेला. त्यात मुद्दाम धक्क्यावरची तपासणी आणि बोट जागेवर आहे की बाहेर आहे हे पाहत फिरणारी माणसं ठेवली होती. नोंदी बंधनकारक असूनही वेळेवर सगळ्या येत नाहीत, आणि पाठपुरावा करायला खूप मनुष्यबळ लागतं, हे तेव्हाच दिसलं. ॲप स्वस्त असतं. ॲपच्या मागे फोन करत बसणारी माणसं स्वस्त नसतात, आणि अंदाजपत्रकात नेमकी तीच गाळली जातात.

मग २०२१ च्या जानेवारीत आखातातला मोठा कार्यक्रम आला. संघीय परवानाधारक चार्टर आणि हेडबोटींना निघण्यापूर्वी सूचना आणि मासे उतरवण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक नोंद बंधनकारक झाली. आखातातली आखणी मला शास्त्रीयदृष्ट्या चांगली वाटली होती, कारण सूचना, नोंद आणि धक्क्यावरची तपासणी या तिन्ही गोष्टी तीत होत्या. अटलांटिकच्या बाजूला, दक्षिणेकडच्या राज्यांत, त्याच वेळी आठवड्याने एकदा नोंद पाठवण्याचा सौम्य नियम आला आणि धक्क्यावर पडताळणीची सोय नव्हती. त्या आकड्यांचं काय करायचं हा प्रश्न तिथे उभाच राहिला.

पण आखातातल्या नियमात दोन जास्तीच्या गोष्टी होत्या. एक, बोटीची जागा चोवीस तास जीपीएसने टिपणारं यंत्र, ज्याचा खर्च कॅप्टनच्या खिशातून. दोन, फेरीचं भाडं, इंधन अशी व्यवसायाची माहिती. कॅप्टन न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या संघीय, अपील न्यायालयाने तो नियमच रद्द केला. चोवीस तास पाळत ठेवण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही, खाजगीपणाच्या हक्कावरच्या आक्षेपांना सरकारने नीट उत्तर दिलेलं नाही, आणि व्यवसायाची माहिती घेणार हे आधी पुरेसं जाहीर केलं नव्हतं, असं न्यायालयाने म्हटलं. जीपीएस गेलं, पण त्याच्याबरोबर लॉगबुक आणि निघण्याची सूचनाही गेली, कारण सगळं एकाच नियमात बांधलं होतं.

मला याचं फार वाईट वाटतं. जीपीएसचा उपयोग होता, बोट धक्क्यावरून हलली की नाही हे त्यातून कळलं असतं. पण त्यासाठी बोट बाहेर गेली आणि आत आली एवढंच पुरेसं होतं. रविवारी कॅप्टन बायकापोरांना घेऊन कुठे फिरतो हे कोणाला हवं होतं? बंदराच्या तोंडाशी कॅमेरा लावून तेच काम होतं. अलाबामात २०१४ पासून रेड स्नॅपरची सक्तीची नोंद आहे, आणि तिथे बोटी मोजायला रॅम्पवर कॅमेरे वापरले गेले. कॅप्टनच्या दृष्टीने त्याची मासेमारीची गुप्त ठिकाणं हीच त्याची पुंजी आहे. ती कोणाच्या हाती पडतील ही भीती खरी आहे. जी माहिती अंदाजाला लागत नाही ती मागू नये. विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगतो, कारण फॉर्म आखताना 'असू दे, उपयोगी पडेल' म्हणून रकाने वाढवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

या सगळ्यात एक गोष्ट वाचवून गेली: जुनी फोन आणि धक्क्याची पाहणी बंद केलेली नव्हती. त्यामुळे २०२३ मध्ये आकड्यांची मालिका तुटली नाही. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात व्यवहारी उत्तर हेच. नवी पद्धत आली म्हणून जुनी लगेच थांबवायची नसते. दोन्ही काही वर्षं शेजारी-शेजारी चालवून एकीचे आकडे दुसरीत बदलायचं गणित बसवायचं असतं. माशांच्या साठ्याचं मूल्यमापन दशकांच्या मालिकेवर चालतं. मोजमाप बदलल्यामुळे आकडा बदलला की मासे कमी-जास्त झाल्यामुळे, हे सांगता आलं नाही तर सगळी मालिकाच संशयात येते.

लॉगबुक कुठेच नीट चालत नाही असं मात्र नाही. अलास्कात चार्टर बोटींचं लॉगबुक १९९८ पासून आहे आणि २०१४ पासून हॅलिबट या माशाच्या वाटपाचा हिशोब त्यावर चालतो. तिथे हॅलिबट धरणाऱ्या चार्टर बोटींच्या परवान्यांची संख्या मर्यादित आहे, आणि लॉगबुकात प्रत्येक गिऱ्हाइकाचा मासेमारी परवाना क्रमांक लिहावा लागतो. म्हणजे नोंद फक्त कॅप्टनच्या शब्दावर राहत नाही, ज्याने मासा धरला त्याच्यापर्यंत जाता येतं.

सोडलेल्या माशांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पडताळणीच्या सगळ्या गोष्टी तिथे थिट्या पडतात. रेड स्नॅपर तीस-चाळीस मीटर खोलीतून झटकन वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे सुजतात. असा मासा पाण्यात टाकला तर तो खाली जाऊ शकत नाही, तरंगत राहतो आणि डॉल्फिन त्याला उचलतात. २०२२ मध्ये आखातात खोलीवर मासा परत सोडणारं वजनाचं साधन किंवा हवा काढायची सुई बोटीवर वापरायला तयार ठेवणं बंधनकारक झालं. पण किती मासे सोडले, किती खोलीतून आले, कसे सोडले, हे धक्क्यावर उभा असलेला माणूस पाहू शकत नाही. बर्फाच्या पेटीत त्याचा पुरावा नसतो. ते पाहायला बोटीवर निरीक्षक पाठवावा लागतो, आणि फ्लोरिडात तसे पाठवले जातात. ते सगळ्या फेऱ्यांवर जाऊ शकत नाहीत, पण ज्या फेऱ्यांवर जातात त्यांच्याशी कॅप्टनच्या नोंदी ताडून पाहिल्या की पाच-दहा-वीसच्या पलीकडचा खरा आकडा कुठे आहे याची कल्पना येते.

श्रमाची व्याख्याही आधी पक्की करा. आठ तासांची फेरी म्हटलं की त्यातले चार तास जाण्या-येण्यात जाऊ शकतात. गळ पाण्यात होता तेवढेच तास धरायचे की धक्का ते धक्का? खलाशीही गळ टाकतो, तो माणसांत मोजायचा का? कोणतंही उत्तर चालेल, पण सगळ्यांनी तेच धरलं पाहिजे. आणि दर तासाची पकड वर्षानुवर्षं टिकून आहे म्हणून साठा टिकून आहे असा निष्कर्ष चार्टरच्या आकड्यांवरून काढू नका. चांगला कॅप्टन मासा असेल तिथेच जातो. एक खडक ओसरला की दुसऱ्यावर. साठा घटत असतानाही त्याच्या बोटीची पकड बराच काळ तशीच राहते.

आता आपल्या किनाऱ्याबद्दल. सेंट्रल मरीन फिशरीज रिसर्च इन्स्टिट्यूट मासे उतरवण्याच्या केंद्रांवर नमुना पद्धतीने जी आकडेवारी गोळा करते, ती बाजारात जाणाऱ्या मासळीसाठी घडवलेली आहे. पर्यटकाने धरलेला मासा लिलावाला येत नाही. तो हॉटेलच्या स्वयंपाकघरात जातो किंवा फोटो काढून सोडला जातो. त्यामुळे मालवण-देवबाग किंवा गोव्यातल्या अशा बोटींसाठी वेगळी सोय लागेल. ॲप बनवायला मात्र लगेच बसू नका. पहिलं काम बोटींची यादी. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी बोट मागितल्यास गळही देते, म्हणून फक्त 'मासेमारीच्या' बोटींची यादी केली तर अर्ध्या सुटतील. जेटीवर, हॉटेलांत, जाहिरातींत दिसणारी प्रत्येक बोट नोंदणी क्रमांकासकट लिहा.

मग पावसाळी बंदी उठल्यावर, समुद्र निवळला की, दर आठवड्याला यादीतल्या काही बोटी चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तांडेलांना फोन करा. तीनच प्रश्न: कोणत्या दिवशी गेलात, गळ टाकणारी माणसं किती होती, किती तास. त्याच आठवड्यांत एक माणूस, तुम्ही निवडलेल्या नव्हे तर चिठ्ठीने आलेल्या वेळी, जेटीवर उभा करा. त्याच्याकडे मोजपट्टी, वजनकाटा आणि माशांच्या फोटोंचं कार्ड द्या, ज्यावर जिताडा आणि चोणक एकाच फोटोखाली लिहिलेले असतील, कारण मासा एकच आहे. सुरमई, तांबोशी, मोडोसा यांची लांबी-वजनं त्याने घ्यावीत, आणि भेटलेली प्रत्येक बोट यादीत आहे की नाही हे रोज तपासावं. मासे कुठे धरले हे तांडेलाला विचारू नका. खोली विचारा, तेवढी पुरते. महिन्याच्या शेवटी त्याच्या बोटीचे आकडे त्याला कागदावर परत द्या, गावाच्या एकूण आकड्यांशेजारी मांडून. पुढच्या महिन्यात तोच फोन उचलतो की नाही, हे त्या कागदावर ठरतं. एक हंगाम असा गेला की किती बोटी यादीबाहेरच्या निघतात ते तुम्हाला कळेल, आणि लॉगबुक सुरू करायचं की नाही याचा निर्णय तेव्हा घ्या.